असली हिमरू



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या मास्तरांची आणि माझी पहिली भेट शाळेत झाली नाही, कापडाच्या दुकानात झाली. मी शाल घ्यायला गेलो होतो. माझ्या आधी आलेले धोतर-कोटातले एक गृहस्थ दुकानदाराशी वाद घालत होते, आणि वाद भावावरून नव्हता. दुकानदार म्हणत होता, 'असली हिमरू है, गुरुजी.' गुरुजी म्हणत होते, 'अरे बाबा, असली असेल तर ती हिमरू नाही, आणि हिमरू असेल तर असली कशी?'

दुकानदाराला हे गिऱ्हाईक ओळखीचे असावे. तो नुसता हसला आणि शालीची घडी घालू लागला. मला काही कळले नाही. बाहेर चहा घेताना मास्तरांनी उलगडा केला. हिमरू हा शब्द फारसीतल्या 'हम-रू'वरून आला, असे सांगतात. हम म्हणजे सारखा, रू म्हणजे चेहरा. किनखाबात सोन्याचांदीची जर, तो दरबारातल्यांनाच परवडायचा. विणकरांनी मग सुताच्या ताण्यात रेशमाचा बाणा घातला आणि किनखाबाचा तोंडवळा असलेले, पण खिशाला झेपणारे कापड काढले. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादेला आणली, तेव्हा त्याच्या मागोमाग हे विणकर आले अशी इथली समजूत आहे. ते काही असो, हिमरू म्हणजे 'सारख्या चेहऱ्याचे' कापड. म्हणजे 'असली हिमरू' मागणारा माणूस अस्सल नक्कल मागत असतो.

मग मास्तर म्हणाले, 'हिमरू ओळखायची तर उलटी करून बघायची. वरून चेहरा किनखाबाचा, मागे सुटे धागे. शब्दांचंही तसंच असतं.' आज तासभर मी जे बोलणार आहे, ते सगळे या तीन वाक्यांत आले. उरलेला वेळ कापड उलटे करून दाखवण्यात घालवू.

आपल्या या शहराला, छत्रपती संभाजीनगरला, बावन्न दरवाजांचे शहर म्हणतात. दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा, मक्का दरवाजा, रोशन दरवाजा, आणि त्या सगळ्यांच्या आधीचा, मलिक अंबरच्या काळातला भडकल दरवाजा. तेव्हा शब्द निवडायचा तर 'दार'च निवडू. इतका साधा शब्द की मूल बोलायला लागले की महिनाभरात 'दाल उघड' म्हणते.

आपले दार आले संस्कृत 'द्वार'मधून. फारसीत दाराला 'दर' म्हणतात. दरवाजातला दर तोच, दरबारातला तोच, दरगाहमधला तोच. आपला द्वारपाल आणि त्यांचा दरवान यांत पगाराचाही फरक नसावा. इंग्रजांचे 'डोअर', जर्मनांचे 'ट्यूर', ग्रीकांचे 'थ्यूरा' हेही याच घरातले. इथे चेहरा सारखा आहे आणि नातेही खरे आहे. मराठी माणूस 'दार-दरवाजे' असा जोडशब्द वापरतो, तेव्हा तो एकाच शब्दाला दोन देशांच्या टोप्या घालून शेजारी शेजारी उभा करतो.

आता 'हवालदार' घ्या. फौजदार, तहसीलदार, जहागीरदार. निजामाच्या मुलखात वाढलेल्या आपल्या आधीच्या पिढ्यांना या 'दारां'ची धास्ती होती. शाळेत एका मुलाने मास्तरांना विचारले होते, की जमीनदार म्हणजे ज्याच्या जमिनीला दार असते तो का? मास्तर हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर एकाखाली एक दोन शब्द लिहिले: फौजदार, चक्रधर. फारसीतले हे 'दार' दरवाजाचे नाही. ते 'धरणारा, बाळगणारा' या अर्थाचे आहे आणि संस्कृतातल्या 'धृ' धातूचा तो सख्खा भाऊ. इराणी भाषांत 'ध'चा 'द' झाला, एवढाच फरक. म्हणजे ज्यांनी याच गोदाकाठच्या मुलखात मराठीतून उपदेश केला, त्या चक्रधरस्वामींच्या नावातला 'धर' आणि ठाण्यातल्या फौजदाराचा 'दार' हे चुलतभाऊ आहेत. इराणचा जो सम्राट आपण इतिहासात डरायस म्हणून शिकतो, त्याचे मूळ नाव दारयवउश. त्याचा अर्थ चांगले ते धारण करणारा; संस्कृतात सांगायचे तर धारयद्-वसु. त्याच नावाचे नंतरचे रूप 'दारा'. ज्याने १६५७ साली उपनिषदांचे फारसी भाषांतर पुरे केले आणि १६५९ साली ज्याचा धाकट्या भावाने जीव घेतला, तो दारा शुकोह. धाकट्याचे नाव या शहराला काही शतके होते, हे तुम्हाला सांगायला नको.

तिसरे दार फाशीचे. उर्दू शायरीत 'दार' आला की तो बहुधा सुळाचा किंवा फाशीच्या खांबाचा असतो. मुळात अर्थ लाकूड, झाड. संस्कृतात 'दारु' म्हणजे लाकूड, आणि हिमालयातला देवदार म्हणजे देवांचे झाड. फौजदाराच्या चालीवर देवदार म्हणजे 'देव बाळगणारा' असा अर्थ कोणी केला, तर तो चुकला. इंग्रजांचे 'ट्री' याच दारूचे लांबचे भावंड. आपली बाटलीतली दारू मात्र वेगळ्या रस्त्याने आली. फारसीत दारू म्हणजे औषध. मराठीत येईपर्यंत ते औषध कशावरचे होते कोण जाणे, इथे आल्यावर ते प्यालेही गेले आणि तोफेतही भरले गेले.

चौथे दार अरबी. दार-उल-उलूम, म्हणजे विद्येचे घर. अरबीत दार म्हणजे घर. ऐकताना वाटते की दार आणि घर यांत अंतर ते किती, एकाच शब्दाचा अर्थ उंबऱ्यावरून आत सरकला असेल. पण अरबीचे घराणेच निराळे. तिथे शब्द तीन व्यंजनांच्या सांगाड्यावर उभा राहतो. इथला सांगाडा द-व-र, अर्थ फिरणे, वळसा घालणे. त्याच सांगाड्यावर दौर, दायरा आणि आपला दौरा उभा आहे. 'सगळी मदार तुझ्यावर' म्हणतो त्यातली मदारही तिथलीच. मूळ अर्थ ज्याभोवती फिरायचे तो आस. मंत्र्यांचा दौरा आणि कार्यकर्त्यांची मदार एकाच धातूतून निघावीत, यात भाषेचा काही हात नाही, योगायोग म्हणून सोडून द्या.

पाचवे दार संस्कृतात आहे आणि ते सांगताना मास्तर सभेतल्या स्त्रियांकडे पाहून आधी माफी मागत. 'दार' म्हणजे बायको. शब्द पुल्लिंगी, आणि चालतो नेहमी अनेकवचनात. बायको एकच असली तरी 'दाराः'. व्याकरणकारांनी हे कसे सोसले हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

धाकटे 'दर'ही सोडू नका. दररोज, दरसाल, दरमहा. इथले दर दरवाजाचे नाही. फारसीत 'अंदर' झिजून 'दर' झाले, म्हणजे 'आत', आणि ते अंदर म्हणजे आपले संस्कृत 'अंतर'. दरमहा पगार, म्हणजे महिन्याच्या पोटात पगार.

आता मोजा. एका अक्षराला काना, पुढे र, एवढ्याशा आवाजात पाच जण राहत होते. त्यांतले तीन आपल्या भाषाकुळातले, पण तीन वेगळ्या धातूंचे. चौथा अरब. पाचवी बायको. चेहऱ्यावरून कोणाला काही कळले असते का?

मग नाते ओळखायचे कसे? १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असे म्हटले. जोन्स संस्कृताकडे वळण्याआधी फारसीचे जाणकार होते, हे लक्षात ठेवा. पुढच्या शंभर वर्षांत युरोपातल्या पंडितांनी यावर एक शिस्त बसवली. शब्द सारखा दिसतो का, हे विचारू नका. फरक नियमाने पडतो का, ते विचारा. संस्कृतात जिथे 'स' तिथे इराणीत 'ह'. सिंधू – हिंदू. मास – माह. सम – हम, हिमरूमधला हम तोच. आणि सप्त – हफ्त. फारसीत हफ्ता म्हणजे सात दिवस. म्हणजे गावच्या मारुतीच्या देवळात बसतो तो अखंड हरिनाम सप्ताह आणि बाजारात वसूल होतो तो हप्ता, व्युत्पत्तीने एकच. मास्तर हे सांगत तेव्हा दोन्ही बाजूंचे लोक रागावत.

खरे नाते पुष्कळदा चेहऱ्यावर दिसतच नाही. इथून गुलमंडी किती लांब? पायी दहा-पंधरा मिनिटे. फारसीतले गुल आणि ग्रीकांचे 'ऱ्होडॉन', म्हणजे गुलाबाचे फूल, हे दोन्ही शब्द एका जुन्या 'वृद'सारख्या शब्दातून निघाले. इराणीत आरंभीच्या 'व'चा 'ग' झाला, 'र-द'चा 'ल' झाला, आणि गुल उमलले. दोघांत एक अक्षर जुळत नाही, तरी रक्त एक. उलट इंग्रजीतला 'बॅड' आणि आपल्या बदनाम-बदमाशमधला फारसी 'बद' पाहा. आवाज तोच, अर्थ तोच. कोणीही शपथेवर सांगेल की हे जुळे आहेत. अजिबात नाहीत. भाषाशास्त्राच्या वर्गात योगायोगाचे उदाहरण म्हणून पहिल्या दिवशी हीच जोडी दाखवतात.

योगायोग इतका कसा, असे कोणाला वाटेल. साधा हिशेब करू. तीस व्यंजने आणि आठ स्वर धरले, आणि व्यंजन-स्वर-व्यंजन अशी जुळणी केली, तर तीस गुणिले आठ गुणिले तीस, म्हणजे ७,२०० आवाज होतात. जगात भाषा हजारो आणि प्रत्येक भाषेला हजारो शब्द हवेत. लहान शब्दांची टक्कर होणारच. शहागंजात संध्याकाळी रस्त्यावरून चालताना कोणाला धक्का लागला, तर तो आपला नातेवाईक आहे असे आपण समजत नाही.

आता आई-बापांचे शब्द. मामा, बाबा, दादा, काका, नाना. जगभर असलेच आवाज सापडतात आणि उत्साही माणूस लगेच सगळ्यांची आदिमाय शोधायला निघतो. रोमान याकोबसन या भाषाशास्त्रज्ञाने याचे उत्तर तान्ह्या मुलाच्या तोंडात शोधले. ओठ मिटून उघडले की म, प, ब हे आवाज सहज येतात. मूल ते उगाच काढते आणि मोठी माणसे लाडाने ते स्वतःला लावून घेतात. कोणी लावून घ्यायचे याचा नियम नाही. जॉर्जियन भाषेत 'मामा' म्हणजे बाप आणि 'देदा' म्हणजे आई. तिबिलिसीत आपल्या मामाला कोणी हाक मारली तर भलताच गोंधळ व्हायचा. घरचेच पाहा. आपली ताई थोरली बहीण, हिंदीवाल्यांची ताई बापाच्या थोरल्या भावाची बायको, आणि बिदरकडच्या कानडी घरात 'तायी' म्हणजे साक्षात आई. देगलूर-उदगीरच्या बाजूला ज्या घरांत दोन भाषा नांदतात, तिथे सून पहिले काही महिने या हाकांना जपूनच ओ देत असेल.

'बस'वर वेळ घालवत नाही. बसमध्ये बस म्हटले, आता बस झाले. पहिली लॅटिन 'ओम्निबुस'ची शेपटी, दुसरी आपली, तिसरी फारसी.

पण 'चारा' इतक्या घाईने सोडता येत नाही, कारण तो मराठवाड्याचा शब्द आहे. १९७२चा दुष्काळ इथल्या बऱ्याच जणांनी पाहिला आहे. गुरे दावणीला हाडाची काडी झाली होती. जनावर खाते तो चारा 'चर्' धातूचा, चरणे-चारणे यातला. आणि 'दुसरा चारा नाही' म्हणतो तो फारसी 'चारा', म्हणजे उपाय, इलाज. दोघांचा काही संबंध नाही. तरीही पाऊस नाही, कडबा संपला, जनावरे बाजारात न्यायची वेळ आली, अशा शेतकऱ्याच्या तोंडून 'चारा नाही' हे दोन शब्द येतात, तेव्हा त्यांतला कोणता हे मला सांगता येणार नाही. फारसी चाऱ्याला तीन गरीब मुले आहेत. 'बे' लावला की बेचारा, आपला बिचारा. त्याचा विचाराशी काही संबंध नाही, तो निरुपाय झालेला माणूस. फारसीचा 'ना' लावला की नाचार. आणि अरबी 'ला' लावला की लाचार. एका उपायाला दोन भाषांचे नकार जोडून झाले आणि तिसरीत, मराठीत, तिघेही एका रांगेत उभे राहिले.

आपण ज्या जागी बसलो आहोत तिच्या नावाकडे वळू. शहागंज. 'शहा' फारसी, राजा. जुन्या इराणीतल्या 'क्षायथिय'मधून झिजून आलेला आणि आपल्या 'क्षत्र'शी नाते सांगणारा. बुद्धिबळातला 'शह' हाच. हा डाव युरोपात गेला तेव्हा इंग्रजीतले 'चेक' आणि 'चेस' या शहातूनच निघाले. बँकेत आपण चेक फाडतो, तेव्हा नकळत इराणच्या बादशहाला शह देतो. पण बाजारातल्या पाटीवर 'शहा' हे आडनाव दिसले की इराणला जाऊ नका. गुजराती शहा हा साहू-सावकाराच्या बाजूचा, संस्कृत 'साधू'तून आलेला. सावकाराच्या मुळाशी साधू आहे, हे ऋणकोला सांगायला जाऊ नये. आणि 'शहाणा' या दोघांचाही कोणी नाही. तो 'सज्ञान'चा वंशज.

'गंज'ची गंमत मोठी आहे. जुन्या इराणीत 'गंझ' म्हणजे खजिना. तो शब्द इतका हिंडला की त्याला पासपोर्ट लागला असता तर पाने पुरली नसती. ग्रीकांनी 'गाझा' केला, अरबांनी 'कन्झ', आणि हिब्रूत त्यावरून 'गेनिझा' झाला, म्हणजे जीर्ण पवित्र कागद ठेवायची कोठी. कैरोच्या सिनेगॉगमधल्या अशाच गेनिझात मध्ययुगातली व्यापाऱ्यांची पत्रे सापडली आणि त्यांत हिंदुस्थानशी चाललेल्या व्यापाराचा हिशेब निघाला. आपल्याकडे मथुरेच्या क्षत्रपकालीन शिलालेखात खजिनदाराला 'गंजवर' म्हटले आहे. पुढे खजिन्याचे कोठार झाले आणि कोठाराचा बाजार. लखनौचे हजरतगंज, दिल्लीचे दरियागंज, लातूरची गंजगोलाई आणि आपले शहागंज. मराठवाड्यात धान्याच्या बाजाराला आपण मोंढा म्हणतो, गंज म्हणत नाही. गंज फक्त नावांत उरला.

बोलण्यात दुसरेच गंज. लोखंडाला चढतो तो गंज. हिंदीत त्याला जंग म्हणतात, तो फारसी 'झंग'. मराठीत ज आणि ग यांनी जागा बदलल्या असाव्यात, असे मला वाटते. जीभ असले खेळ पुष्कळ करते. त्यातच फारसीत 'जंग' म्हणजे लढाई हा आणखी एक हमशकल. स्वयंपाकघरात भाजी-वरणाचे भांडे तो गंज, विशेषतः विदर्भाकडे. शेतात कडब्याची रचून ठेवतात ती गंजी. आणि अंगात घालतो ती गंजी, किंवा आजोबांचे गंजीफ्रॉक, ते कुठले? इंग्लिश खाडीत गर्नझी नावाचे बेट आहे. तिथल्या कोळ्यांच्या विणलेल्या अंगरख्याला 'गर्नझी फ्रॉक' म्हणत. त्याचे इथे गंजीफ्रॉक झाले. म्हणजे कडब्याच्या गंजीवर गंजी घालून बसलेला माणूस एका बेटावरचे कापड नेसून बसलेला असतो.

मी मुद्दाम हसत-हसत सांगतो आहे, कारण हे ज्यांनी फार गंभीरपणे घेतले त्यांचे पुढे काय झाले ते आपण पाहिले आहे. व्हॅटिकन म्हणजे 'वाटिका', असे पु. ना. ओक यांनी छापून सांगितले आणि पुष्कळांना ते पटले. व्हॅटिकन हे रोममधल्या एका टेकडीचे फार जुने नाव आहे. 'आमेन' म्हणजे ओम, असे आजही मोबाईलवर फिरते. आमेन हिब्रू, सांगाडा अ-म-न, अर्थ पक्के असणे, भरवसा. मुसलमानांचा आमीन, आपले इमान आणि अमानत ही त्याच सांगाड्यावरची भावंडे. ज्या शब्दाचे खरे नातेवाईक इमान आणि अमानत आहेत, त्याला खोटे नातेवाईक कशाला चिकटवायचे?

दुसऱ्या टोकालाही माणसे आहेत. शिवाजी महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंतांनी 'राज्यव्यवहारकोश' केला, तेव्हा त्यामागे नव्या राज्याची गरज होती; कारभाराचे शब्द प्रजेचे असावेत ही इच्छा होती. ते समजते. पण पुढे शब्दांची झडती घ्यायची टूम निघाली. माधव ज्यूलियनांचेच पाहा. १९२५ साली त्यांनी फारसी-मराठी कोश काढला आणि मराठीच्या घरात कोण कुठून आले याची नोंदवही तयार झाली. कवितेत त्यांनी फारसी मनसोक्त वापरली होती. त्यांनीच १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. मला दोन्ही माधवराव आवडतात, पण झडतीच्या वेळी पहिल्याला घरी ठेवून येऊ नये. कारण 'दार' आपले म्हणून ठेवायचे आणि 'दर' परका म्हणून घालवायचा, तर चुलतभावालाच घराबाहेर काढल्यासारखे होईल.

हिमरूतल्या 'रू'कडे परत जातो, कारण तिथे मास्तरांची एक फजिती आहे. काही पर्यटन-पुस्तिकांत हा शब्द 'हम-रूह' असा छापलेला असतो. रूह म्हणजे आत्मा, अरबी. एक 'ह' वाढला आणि सारख्या चेहऱ्याचे कापड सारख्या आत्म्याचे झाले. संस्कृताच्या बाजूने आलेल्याला 'रू'त 'रूप' दिसते. तेही नाही. रू जातो अवेस्तातल्या 'रओद'कडे, म्हणजे वाढ, अंगलोट. आपल्याकडचा त्याचा सोबती 'रुह्' धातू, आरोहातला.

हाच रू 'अब्रू'त आहे. आब म्हणजे पाणी, रू म्हणजे चेहरा. आबरू म्हणजे चेहऱ्यावरचे पाणी, तेज. मराठीने त्याचा काना काढला आणि अब्रू केली. इथेच घोटाळा आहे. फारसी-उर्दूत 'अब्रू' असा वेगळा शब्द आहेच, आणि त्याचा अर्थ भुवई. तो संस्कृत 'भ्रू', मराठी भुवई आणि इंग्रजी 'ब्राउ' यांचा सख्खा. उर्दू लिहिताना दोघांत फरक फक्त अलिफवरच्या एका नागमोडी खुणेचा, मद्दचा.

मास्तरांचे शिक्षण निजामी राजवटीत उर्दूतून झाले. घरी मराठी, शाळेत उर्दू, बाजारात दखनी. हे शहर वली आणि सिराज या शायरांचे. मौलवीसाहेब वर्गात गझल समजावून देत होते आणि प्रेयसीच्या वर्णनात 'अब्रू' आला. मौलवीसाहेबांनी खेड्यातून आलेल्या या मुलाला उभे करून विचारले, 'सांग, शायर काय म्हणतो?' मास्तरांनी आत्मविश्वासाने सांगितले, की शायर म्हणतो, तिची अब्रू वाकडी आहे. वर्ग कोसळला. मौलवीसाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी पाटी घेतली, अलिफ काढला, त्यावर मद्द दिला, मद्द पुसला, पुन्हा दिला, पुन्हा पुसला. मास्तर म्हणायचे, 'मी भाषेचा मास्तर झालो तो त्या पुसलेल्या खुणेमुळे.'

अशीच एक पुसलेली खूण या शहराच्याही नशिबी आहे. १६१० साली मलिक अंबरने ज्या गावी राजधानी वसवली ते खडकी. खडकाळ जागा म्हणून खडकी, त्यात गूढ काही नाही. पण फारसी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहायची पद्धत नाही. खडकी आणि खिडकी सारखेच दिसतात. वाचणाऱ्यांनी खिडकी वाचले, इंग्रजांनी ते तसेच उतरवले, आणि ग्रंथांतून खडकाची खिडकी झाली. पुढे अंबरचा मुलगा फत्तेखान याने फतेहनगर केले, १६५३च्या सुमारास औरंगाबाद झाले आणि आता छत्रपती संभाजीनगर. शहराभोवती तट १६८२ साली उभा राहिला आणि खडकावर दरवाजेच दरवाजे झाले. वाचणाऱ्यांच्या चुकीने आधी खिडकी बसवली, दरवाजे मागून आले.

इथवर मी बाहेरून आत आलेले शब्द सांगितले. आतून बाहेर गेलेला एक सांगतो आणि थांबतो. दखनीत 'नको'ला 'नक्को' म्हणतात. तो आपलाच. आणि त्याहून लहान, एकाच अक्षराचा 'च'. मी-च, तू-च, आत्ता-च. संस्कृतातही 'च' आहे, त्याचा अर्थ 'आणि', लॅटिनच्या 'क्वे'चा तो भाऊ. आपला च अर्थाने निराळा. तो प्राकृतातल्या 'च्चिअ'मधून आला, जोर देण्यासाठी. दखनीने तो मराठीकडून घेतला आणि औरंगाबादेपासून हैदराबादेपर्यंत नेला. उत्तरेकडचा उर्दूवाला हा च ऐकला की लगेच ओळखतो, हा माणूस दक्षिणेचा.

आज सभेला येताना घड्याळाच्या मनोऱ्याजवळ एका फळवाल्या मुलाशी थोडी घासाघीस केली. भाव पटेना, तेव्हा तो म्हणाला, 'नक्को लेना तो नक्को लेव.' मी त्याला विचारले, 'बेटा, ये नक्को किधर का लफ्ज है?' त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले, तराजू खाली ठेवला आणि म्हणाला, 'किधर का क्या, चाचा? हमाराइच है.'